वाढत्या मापाचा गणवेश

सोलापूर,
११ नोव्हेंबर २०२४

राजाक्का,

नमस्कार. फोन केला तर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पत्र. पंचवीस वर्षं आमच्या कारखान्यातल्या मशीनांच्या खडखडाटात बसून तुमचे कान गेले. निदान लिहायचे कष्ट तरी मी घ्यायला हवेत.

तुम्ही निवृत्त होऊन वळसंगला शेळ्या पाळायला गेलात आणि आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर मी त्यांच्या खुर्चीत बसले, दोन्ही एकाच महिन्यात. तुमच्या शेळ्या ऐकतात का हो? इथे सगळ्या ऐकतात, पण बोलत कुणीच नाही.

झालंय असं. अकरा शाळांच्या संस्थेचे रामहरी सर गेल्या महिन्यात आले होते. सोळा वर्षं त्यांचे गणवेश आपण शिवतोय. चहा घेतला आणि म्हणाले, "मॅडम, पालकांची एकच तक्रार असते. मूल वाढतं, कपडा वाढत नाही. जूनला घेतलेला स्कर्ट दिवाळीनंतर गुडघ्याच्या वर जातो. बाहेरचे लोक येऊन काय काय नवीन दाखवतात. तुम्ही आपलं तेच शिवताय. जानेवारीअखेर काही वेगळं दाखवा, नाहीतर यंदा आम्ही दुसरीकडे जाऊ." ही ऑर्डर गेली तर मागची लाइन बंद करावी लागेल. त्या लाइनीत अठरा बायका आहेत, अक्का.

मी पुण्याला जाऊन दोन दिवसांचं शिबिर केलं. तिथे सांगितलं, नवीन कल्पना मालकाला नाही, काम करणाऱ्याला सुचते, फक्त तिला वाट करून द्या. मी आल्या आल्या दाराशी पेटी लावली. सगळ्यांत चांगल्या कल्पनेला मिक्सर बक्षीस ठेवला. दर सोमवारी दहा मिनिटं सगळ्यांना गोळा करते आणि विचारते, "बोला, काय वेगळं करता येईल?" अठ्ठेचाळीस बायका स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत उभ्या राहतात. आज पेटी उघडली. आत एक बिस्किटाचा कागद आणि एक चिठ्ठी: "संडासाची कडी मोडली आहे."

खरंच आपल्या बायकांना काही सुचत नाही का? तुम्ही त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखता.

तुमची,
सोनाली


वळसंग,
१६ नोव्हेंबर

सोनाली पोरी,

तुजं पत्र पोचलं. पोस्टमननं वरडून सांगितलं, त्यामुळं समद्या गल्लीला कळलं. शेळ्यांचं इचारलंस, त्या ऐकतात, पन हातात पाला दिसला तर.

तू दोन पानं लिवलीस आन् एक गोष्ट लिवलीच न्हाईस. कडी बसवली का?

तुला वाटलं ही काय कल्पना हाय व्हय. अगं, दार हातानं धरून बसाय लागतंय, न्हायतर मैत्रिणीला भायेर हुबं कराय लागतंय. एकीसाटी दोगींचं काम थांबतंय. कुणीतरी धीर करून कागदावर लिवलं, आन् तू ते बिस्किटाच्या कागदाच्या रांगंत बसवलंस. आता फुडची चिठ्ठी कोन टाकंल, सांग की.

आन् तो मिक्सर आदी घरी ने. एकीला मिक्सर मिळाला तर बाकीच्या सत्तेचाळीसजणी तिच्यासंगं डबा खाणार न्हाईत.

आबांचा गुडघा कसा हाय? जिना चढत्यात का?

राजाबाई


सोलापूर,
२ डिसेंबर

राजाक्का,

तुमचं पत्र वाचून मला इतकी लाज वाटली की त्याच दुपारी स्वतः दुकानात जाऊन कडी आणली. एक नाही, तिन्ही दारांना नव्या बसवल्या. सोमवारी सांगितलं, "जिने चिठ्ठी टाकली तिचे आभार. उशीर झाला, चूक माझी." पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मागून तेलुगूत काहीतरी कुजबुज झाली आणि सगळी रांगच हसली. काय म्हणाल्या ते मी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात अकरा चिठ्ठ्या! मधला पंखा कुरकुरतो. बॉबिनचा डबा लांब आहे, दर वेळी उठावं लागतं. चहा दोनला येतो तो अकराला पाहिजे. जमेल ते सगळं केलं. मिक्सर घरी नेला, त्याऐवजी सगळ्यांना कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दह्याचं जेवण दिलं. सुपरवायझर इंद्रजीतकाका जेवले, पण म्हणाले, "मॅडम, लाड चाललेत. आबांच्या वेळी असलं नव्हतं. माल बिघडला की फळ्यावर नाव, एवढंच होतं." फळा त्यांनी अजून दाराशी ठेवलाय, रोज पुसून.

पण शिवणाबद्दल, कपड्याबद्दल एकही चिठ्ठी नाही. कामाबद्दल विचारलं की पुन्हा पायाचे अंगठे. असं का, अक्का? तुम्हाला काही माहीत आहे का?

आबा जिना चढतात, उतरताना मात्र मला हाक मारतात.

सोनाली


वळसंग,
७ डिसेंबर

सोनाली पोरी,

कड्या बसवल्यास, लई ग्वाड काम केलंस.

का गप बसत्यात ते मला इचारू नगंस. माजं आता वय झालं, समदं आठवत न्हाय. तू एक काम कर. मागच्या लाइनीत मल्लव्वाच्या शेजारची मशीन रिकामी आसंल, तितं जाऊन बस. मालकीण म्हनून नगं. शिकाय आलेय म्हनून सांग. आन् एक दिस न्हवं, चार दिस.

थंडी पडलीय. मला खोकला झालाय, म्हनून पत्र बारकं.

राजाबाई


सोलापूर,
१९ डिसेंबर

राजाक्का,

खोकला कसा आहे? आल्याच्या वड्या पाठवतेय, वळसंगच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिल्यात.

मी चार दिवस मशीनवर बसले. मल्लव्वाने पहिल्या दिवशी माझ्या चुण्या बघितल्या आणि तोंडाला पदर लावून हसली. मैंदर्गीची आहे ना ती, रागावली की कन्नड, हसली की कन्नड, काम सांगताना मराठी. "अव्वा, ह्या चुण्या न्हायत, ह्या सुरकुत्या हायत," म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी इंद्रजीतकाका जेवायला गेले. मल्लव्वाने डब्याखालून तुटक्या कंगव्याचा तुकडा काढला आणि मशीनच्या पाट्याला चिकटपट्टीने लावला. कापड त्या दात्यांत अडकवायचं आणि सोडायचं. खडूची खूण नाही, टेप नाही. चुण्या एकसारख्या, माझ्या चौपट वेगाने! मी मान वळवून बघितलं तर पलीकडच्या बाईने सायकलची वाकवलेली तार लावलेली, तिच्या पलीकडे बाटलीचं झाकण. प्रत्येकीचं काहीतरी. बाहेर काकांच्या चपला वाजल्या आणि क्षणात सगळं डब्यात गेलं. माना खाली, खडू हातात.

मला हसावं की रडावं कळेना. मी पुण्याला जाऊन जे शोधत होते ते माझ्याच कारखान्यात जेवणाच्या डब्याखाली लपवलेलं होतं.

मल्लव्वाला विचारलं, "लपवता का?" ती म्हणाली, "राजाक्का सांगून ठिवलीय की. हातानं काम करा, डोकं डब्यात ठिवा. नवीन आली की पैल्या दिवशीच सांगती सगळ्यांस्नी."

अक्का, तुम्ही? का?

सोनाली


सोलापूर,
२८ डिसेंबर

राजाक्का,

तुमचं पत्र नाही. वड्या पोचल्या असं कंडक्टर म्हणाला. रागावलात का? मी जाब विचारला नाही हो. तुम्ही मला चड्डीला नाडी घालायला शिकवलंय, मी तुम्हाला काय जाब विचारणार? सांगावंसं नसेल तर सांगू नका, पण दोन ओळी लिहा.

सोनाली


वळसंग,
३ जानेवारी २०२५

सोनाली पोरी,

रागावले न्हाय गं. लाजले. चार येळा लिवाय बसले आन् चार येळा उठून शेळ्यांना पानी दाखवलं. त्याबी कटाळल्या आता.

व्हय, मीच सांगितलं समद्यांस्नी. बावीस वरसं सांगत आले. तू सहावीत व्हतीस तवाची गोष्ट. मी कटिंगला व्हते. हाफपँटीचे साचे एकाच दिशेनं मांडायचे, मधी कापड वाया जायाचं. मला वाटलं, एक साचा सुलटा आन् एक उलटा मांडला तर एकमेकांच्या जागंत बसत्यात की. कुणाला इचारलं न्हाय. मांडलं. एका थरात दोन पँटी जादा निगाल्या! लई हरकले. मालकांना दावीन म्हनलं, पन त्याच्या आदीच माल गेला.

म्हयन्यानं समद्या पँटी परत आल्या. धुतल्यावर आखडल्या व्हत्या, पोरांना घालता येईनात. समदे म्हनले, उलट्या साच्यांमुळंच आखडल्या. आबांनी मला फळ्याफुडं हुबं केलं आन् समद्यांदेखत म्हनले, "राजाबाई, उद्यापास्नं डोकं घरी ठेवून येत जा." कुनीबी हसलं न्हाय. हसले असते तर बरं झालं असतं.

तवापास्नं येईल त्या पोरीला मी सांगायची. मला वाटायचं मी त्यांना वाचिवतेय. आता तुजं पत्र वाचलं आन् कळलं, मी तर समद्यांची तोंडं शिवून ठिवली. तुजी ऑर्डर जायाला आली त्यात माजाबी हात हाय.

आबांना ह्यातलं कायबी बोलू नगंस. त्यांचं दुखनं ताजं हाय.

राजाबाई


सोलापूर,
८ जानेवारी

राजाक्का,

तुम्ही नको म्हणालात तरी मी आबांना पत्र दाखवलं. क्षमा करा, पण आता ऐका.

ते क्रिकेट बघत होते. टीव्ही बंद केला. पत्र दोनदा वाचलं आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "साच्यांचा काही संबंध नव्हता. त्या खेपेचं कापडच कच्चं होतं. राजाबाई सुटीवर होती तेव्हा जुन्या पद्धतीने कापलेल्या पँटीही आखडल्या. दोन महिन्यांनी लक्षात आलं माझ्या."

मी म्हटलं, "मग अक्कांना सांगितलं का नाही?"

"बोललो होतो सगळ्यांसमोर. मग सांगायचंही सगळ्यांसमोरच लागलं असतं. आज सांगू, उद्या सांगू, करत राहिलं."

सोमवारी ते काठी टेकत कारखान्यात आले. मी बोलवलं नव्हतं. अठ्ठेचाळीस बायकांपुढे उभे राहून त्यांनी ही सगळी गोष्ट सांगितली, तुमच्या नावासकट आणि स्वतःच्या चुकीसकट. शेवटी म्हणाले, "इंद्रजीत, तो फळा काढ." काकांनी फळा काढला. खिळा भिंतीत राहिला, तो आबांनी स्वतः हातोडी मागवून उपटला.

आणि एक सांगू? आता कापड कापायच्या आधी आपण कॉम्प्युटरवर साचे मांडतो. तो एक सुलटा, एक उलटा असाच मांडतो.

आबा निघून गेल्यावर मल्लव्वा पुढे आली. "अव्वा, पेंडीचं पोतं कसं उघडतीस?"

मी म्हटलं, "कात्रीने."

"तसं न्हाय. बरोबर दोरा धरून ओढला की सर्रकन उसवतंय, ह्या टोकापासनं त्या टोकापातूर. स्कर्टाला खाली चार बोटं दुमड ठिवू आन् त्याला पोत्याची शिवण मारू. पोरगी वाढली की आई दोरा ओढती, स्कर्ट लांब! शिंपी बेडा."

बेडा म्हणजे नको, एवढं कन्नड मला आता येतं. चाळीस स्कर्ट करतोय. आपल्या बायकांच्याच मुली ते घालून बघणार, धुऊन बघणार.

खाली आबांनी स्वतः काही लिहिलंय.

सोनाली

राजाबाई, चूक माझी होती आणि मला ती माहीत होती. बावीस वर्षं उशीर केला. तुम्ही डोकं घरी ठेवलंत त्यात नुकसान कारखान्याचं झालं. क्षमा असावी. शहाजी


सोलापूर,
२४ जानेवारी

राजाक्का,

तुमचं उत्तर आलं नाही, पण मल्लव्वाची बहीण वळसंगच्या बाजारात तुम्हाला भेटली म्हणे. आबांचं पत्र तुम्ही पदरात बांधून फिरताय असं तिने सांगितलं. म्हणून मी घाई करत नाही.

इथली बातमी मात्र वाईट, निदान आज सकाळपर्यंत तरी होती. चाळीस स्कर्ट बिघडले. पहिली फजिती मल्लव्वाच्या भाचीची. शाळेत कवायत चालू असताना मागच्या मुलीला दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं, तिने ओढलं, आणि स्कर्टची घडी सर्रकन खाली! भाची घरी येऊन म्हणाली, "मी एका मिनिटात आठवीत गेले." त्यावर उपाय सोपा होता, टोक आतल्या शिवणीत दडवायचं. खरं संकट दुसरंच. दहा-बारा धुण्यांनंतर दुमड उघडली की जुन्या घडीवर पांढरा वण दिसतो. इस्त्रीने जात नाही, कशानेच जात नाही. एवढी मोठी रेघ बघून कुठली आई तो स्कर्ट मुलीला घालेल?

काल सगळे स्कर्ट टेबलावर पसरले. मल्लव्वा कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, तिने डबाही उघडला नव्हता. इंद्रजीतकाकांचा हात सवयीने खडूकडे गेला आणि नजर भिंतीकडे. तिथे फळा नव्हता. सगळ्याजणी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. तेव्हा मला कळलं, अक्का, की पेटी, चिठ्ठ्या, जेवण ह्या सगळ्याची परीक्षा ह्या एका मिनिटात होती. आत्ता मी काय बोलते त्यावर पुढची दहा वर्षं ह्या बायका बोलणार की नाही ते ठरणार होतं.

मी म्हटलं, "हे चाळीस स्कर्ट करायचं मी ठरवलं होतं, तेव्हा बिघडले तेही माझे. मल्लव्वाचा दोरा बरोबर सुटतो, सगळ्यांनी बघितलंय. वण कसा घालवायचा तेवढं राहिलं. मल्लव्वा, इकडे ये, डबा उघड. मलाही भूक लागलीय."

आज सकाळी पेटीत चिठ्ठी होती, नाव नाही: "दुमड घालायच्या आधीच घडीच्या जागेवर रंगीत पट्टी शिवावी. आधी तो काठ दिसेल, उलगडल्यावर रेघ दिसेल. वण पट्टीखाली झाकला जाईल." अक्षर मी रोज हजेरीच्या वहीत बघते. जाऊन विचारलं, "इंद्रजीतकाका, ही तुमची ना?"

ते लाल झाले. म्हणाले, "कुणाची का असेना. सात दिवस उरलेत. पट्टी मागवू का?"

सोनाली


सोलापूर,
२ फेब्रुवारी

राजाक्का,

रामहरी सर येऊन गेले!

मी बोललेच नाही. मल्लव्वाला पुढे केलं. तिने स्कर्ट त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "साहेब, हितं धरा. ओढा." त्यांनी बिचकत दोरा ओढला. स्कर्ट चार बोटं लांब झाला आणि निळ्या कापडावर पिवळी रेघ उमटली. सरांनी दुसरा स्कर्ट मागितला, तोही ओढला. मग तिसरा! शेवटी इंद्रजीतकाका म्हणाले, "सर, सगळे तुम्हीच उसवले तर शाळेला काय पाठवू?"

सर हसले. मग विचारलं, "पट्टीचा रंग बदलता येईल? आमच्या शाळांत मुलांचे चार गट असतात, लाल, पिवळा, हिरवा, केशरी. पट्टीवरून गट ओळखता येईल." हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

अकराही शाळा मिळाल्या नाहीत. यंदा सहा देतात, उरलेल्या पाच ठिकाणी मुलींनी वर्षभर वापरल्यावर बघू म्हणाले. पण मागची लाइन चालू राहतेय, अक्का. अठराजणी कामावर आहेत. संध्याकाळी मशीनी बंद झाल्यावर त्यांनी मल्लव्वाला हळदीकुंकू लावलं आणि काकांना पेढा भरवला. काकांनी तो खाल्ला नाही, रुमालात बांधून घरी बायकोला दाखवायला नेला.

आता माझी विनंती. तिघीजणी लग्न होऊन चालल्या, त्यांच्या जागी तीन नव्या मुली येतायत. त्यांना शिकवायला तुम्ही आठवड्यातून दोन दिवस याल का? आबाही म्हणतात, "विचार तिला." स्वतः विचारायला लाजतात.

सोनाली


वळसंग,
६ फेब्रुवारी

सोनाली पोरी,

आबांच्या पत्राला उत्तर दिलं न्हाय, कारन काय लिवावं तेच सुचंना. त्यांना एवढंच सांग, राजाबाईनं वाचलं, आन् त्या दिशी ती दोन भाकरी जादा जेवली.

सहा शाळा मिळाल्या हे वाचून मी बाजूच्या बजाबाईला मिठी मारली. तिला कायबी कळलं न्हाय, पन तिनंबी मारली.

येते मी. मंगळवारी आन् शुक्रवारी. शेळ्यांना बजाबाई बघंल, तिला मी कबूल करून घेतलंय. सकाळची एसटी नवाला हितनं निगती, त्यामुळं दहाच्या आदी हाका मारू नगंस. आन् मला खुर्ची नगं, मशीन दे. हात हालला न्हाय तर मला बोलताच येत न्हाय.

नव्या पोरींना पैल्या दिवशी काय सांगायचं त्याचा दोन दिस इचार केला. काल धारा काढताना ठरलं. कायबी सांगणार न्हाय. त्यांना मशीनवर बसवणार, एक स्कर्ट हातात देणार आन् इचारणार, "बाळ, ह्यात तुला काय खटकतंय?"

मग जे काय बोलतील ते मोठ्यानं बोला म्हनावं. मला ऐकू येत न्हाय.

तुजी,
राजाक्का